‘मला काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणारा जोडीदार

परदेशात बदली झालेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. ज्याची बदली झालेली असते तो विचारतो, "मॅडम, हिला सोबत न्यायचंय, पण तिथे हिचं मन रमेल ना?" आणि शेजारी बसलेली ती लगेच म्हणते, "माझं काय, मी कुठेही ॲडजस्ट होते." चाकण आणि हिंजवडीच्या कंपन्यांमुळे पुण्यात हा प्रश्न सतत कानावर येतो. अलीकडे ‘ती’च्या जागी ‘तो’ही असतो. शेजारी बसलेल्याचं उत्तर मात्र बदलत नाही.

मन रमेल की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. माणसं रमतात. भाषा शिकतात, भाजीचं दुकान शोधतात, मंडळाच्या गणपतीत ओळखी करून घेतात. मी कुटुंबांबरोबर काम करायला ज्या विचारसरणीत शिकले, तिचा भर एकट्या माणसाच्या मनापेक्षा दोन माणसांमधल्या देण्याघेण्यावर आहे. कुणी कुणासाठी काय सोडलं, ते समोरच्याने पाहिलं का, मान्य केलं का? हा हिशेब प्रत्येक घरात चालू असतो आणि बहुतेक घरांत तो कधीच मोठ्याने वाचला जात नाही. बदलीच्या वेळी त्यात एकाच बाजूला फार मोठी रक्कम पडते. म्हणून मी त्या रकमेपासून सुरुवात करते.

मृण्मयी आणि केदार यांची गोष्ट त्यासाठीच सांगते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला दोघांचीही परवानगी आहे.

मृण्मयी वाहन उद्योगातल्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीने तिला तीन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं होतं. केदार फिजिओथेरपिस्ट. सिंहगड रोडवर स्वतःचं क्लिनिक, हाताखाली एक ज्युनिअर, आणि सकाळी सातपासून पेशंट. मुलगी सात वर्षांची. बदलीचं पत्र आल्यापासून घरात भांडण नव्हतं, पण केदारची झोप उडाली होती. रात्री दोन-दोन वाजता उठून तो हॉलमध्ये बसायचा. मृण्मयीनेच त्याला माझ्याकडे आणलं.

"तुम्हाला जायचंय का?" मी केदारना विचारलं.

"हो, मला काही प्रॉब्लेम नाही."

"क्लिनिकचं काय?"

"बघू. तिथेही फिजिओची गरज असतेच की."

मृण्मयीने लगेच दुजोरा दिला. "मी सगळं बघितलंय मॅडम. त्याला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. जर्मनची परीक्षासुद्धा लागत नाही व्हिसाला."

तिची माहिती खरी होती. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर किंवा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनीत जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेची अट नाही, आणि नोकरी करायला मोकळीक आहे. पण व्हिसा नोकरीची परवानगी देतो, व्यवसायाची देतोच असं नाही. फिजिओथेरपी हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. आपली पदवी तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात, कमी पडेल तिथे परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण सांगतात, आणि साधारण बी-२, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीचं जर्मन मागतात. शून्यापासून सुरू करणाऱ्याला हे सगळं करायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. बदलीच तीन वर्षांची. हा हिशेब केदारने मनात कधीच मांडला होता. रात्री दोन वाजता तो तेच करत बसायचा.

पुढच्या काही भेटी साधारण एकाच चालीने गेल्या. केदार एखादी अडचण अर्धवट बोलायचा, मृण्मयी ती पुरी होण्याआधी सोडवून टाकायची. "पेशंट..." "अरे, ज्युनिअर आहे ना तुझा." "आई म्हणतेय, लोकांना काय सांगायचं..." "आईंना मी समजावते." "पैशाचं..." "माझं कार्ड तुझ्याकडेच राहील ना." प्रत्येक उत्तर प्रेमाने दिलेलं होतं, आणि प्रत्येक उत्तरानंतर केदार खुर्चीत थोडा मागे सरकायचा. हे मागे सरकणं मी टिपून ठेवत होते. अशा वेळी शब्दांपेक्षा शरीर जास्त खरं बोलतं, आणि इतक्या वर्षांच्या कामात माझी नजर त्याला सरावली आहे.

एका भेटीत मी विषय बदलला. "केदार, क्लिनिकचा शेवटचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी शटर उघडलंत. काय दिसतं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टेबल."

पेशंटला झोपवायचं ते उपचाराचं टेबल. क्लिनिक सुरू केलं तेव्हा विकतचं परवडत नव्हतं, म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून त्याने ओळखीच्या सुताराकडून ते बनवून घेतलं होतं. स्वतःच्या उंचीला बेतून, म्हणजे दिवसभर वाकून कंबर जाऊ नये. रेक्झिन तीनदा बदललं होतं. उजव्या कडेला जिथे तो मांडी टेकवून उभा राहतो, तिथलं पॉलिश उडालं होतं.

"ते कुणाला देऊ?" तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या उंचीला ते बसणार नाही."

मृण्मयीच्या तोंडून निघालंच, "ओएलएक्सवर..."

मी हात वर करून तिला थांबवलं. "मृण्मयी, आत्ता काही सुचवू नका. फक्त ऐका."

केदार बोलत राहिला. गुडघा बदललेले एक आजोबा दर गुरुवारी येतात, त्यांना जिना चढायची भीती वाटते, ते फक्त याच्याबरोबर चढतात. पाठदुखीच्या एका शिक्षिकेने आजवर आठ-दहा पेशंट पाठवलेत. "तीन वर्षांनी मी परत येईन तेव्हा यातलं कुणी नसेल. मी चाळिशी ओलांडलेली असेल आणि पुन्हा पहिल्या पेशंटची वाट बघत बसेन." मग त्याने मृण्मयीकडे पाहिलं. "तू मला रोज सांगतेस की सगळं नीट होईल. एकदा तरी म्हण ना, की हे जाणार आहे."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मृण्मयीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "तुझं क्लिनिक जाणार आहे. माझ्या बदलीमुळे जाणार आहे. आणि तरीही मला जायचंय, आणि तू बरोबर हवा आहेस."

केदारने चेहरा ओंजळीत घेतला आणि मोकळेपणाने रडला. मी मध्ये काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "हं. आता बोलू आपण जायचं कसं ते."

त्या रात्री तो सलग झोपला, असं मृण्मयीने मला नंतर सांगितलं.

त्या क्षणी काय घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मृण्मयी इतके दिवस धीर देत होती. धीर देणं चांगलंच. पण तिच्या धीराखाली एक भीती होती: याचं नुकसान खरं ठरलं तर ते माझ्यामुळे झालेलं ठरेल. ती भीती टाळण्यासाठी ती प्रत्येक नुकसान बोलून होण्याआधी भरून काढत होती. समोरच्याला मात्र ऐकू येत होतं, की तू जे सोडतोयस ते फारसं मोठं नाहीच. ज्या त्यागाचं मोल समोरच्याने मान्य केलेलं नसतं, तो फिटत नाही. तो तसाच राहतो आणि पुढे भलत्याच ठिकाणी वसूल होतो. परदेशी गेलेली जोडपी दोन वर्षांनी डिशवॉशर कुणी लावायचा यावरून कडाकडा भांडतात, तेव्हा विषय डिशवॉशर नसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मृण्मयीने तेवढ्याशा बोलण्यात तीन गोष्टी केल्या. नुकसान मान्य केलं, ते कशामुळे होतंय हे मान्य केलं, आणि माफी मागून स्वतःची इच्छा मागे घेतली नाही. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. तिने तिथे "मग नको जाऊया" म्हटलं असतं, तर केदारला स्वतःचं दुःख गिळून तिलाच समजवावं लागलं असतं.

त्यानंतर जायच्या अटी ठरायला वेळ लागला नाही. क्लिनिक बंद न करता ज्युनिअरला भागीदारीत चालवायला द्यायचं, टेबल तिथेच राहील. केदारच्या नावावर दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा होईल, त्याच्या एसआयपी चालू राहतील, आणि त्या पैशांचा जाब कुणी विचारणार नाही. "कार्ड हातात असणं आणि पैसे माझे असणं यात फरक आहे," हे केदारने स्वतः मांडलं, आणि मला ते मनापासून पटलं. मृण्मयी आधी जाईल. केदार आणि मुलगी शाळेचं वर्ष संपल्यावर जातील, तोवर त्याने पुण्यातच जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या करायच्या. व्हिसाला भाषा लागत नाही म्हणून कित्येक जोडीदार कोरे जातात आणि मग पहिलं वर्ष घरात बसून काढतात. ही चूक करू नका. मॅक्सम्युलर भवन असो की दुसरा चांगला वर्ग, इथून शिकून जा.

नातेवाइकांना केदार स्वतः सांगेल, असंही ठरलं. त्याच्या आईंना "बायकोच्या मागे चाललाय" हे टोचत होतं. त्याने त्यांना सांगितलं, "आई, आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि मी काय सोडतोय ते मृण्मयीला माहीत आहे." सुनेने समजावलं असतं तर हा विषय वर्षभर पुरला असता.

शेवटच्या दोन अटी मी सुचवल्या, आणि आता मी प्रत्येक जोडप्याला त्या सुचवते. एक, बारा महिन्यांनी फेरविचाराची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकायची. त्या दिवशी सोबत गेलेल्याने "परत जाऊ" म्हटलं तर त्याला पुरावे मागायचे नाहीत, तिथून चर्चा सुरू करायची. दोन, पुढचा मोठा निर्णय, म्हणजे त्यानंतर कुठल्या शहरात राहायचं हा, त्याच्या कामाकडे पाहून घ्यायचा.

जर्मनीतला पहिला हिवाळा जड गेला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारी जेवणाच्या सुमारास सुटतात, त्यामुळे केदारचा दिवस मुलीभोवती फिरायचा. रविवारी दुकानं बंद. व्हिडिओवरच्या आमच्या बोलण्यात तो एकदा म्हणाला, "मॅडम, इथे मी कुणाचाच कुणी नाही. मृण्मयीचा नवरा, अन्वीचा बाबा, बस्." मी त्याला धीर दिला नाही. मृण्मयीनेही दिला नाही, ती म्हणाली, "हो, आत्ता तसंच आहे." ती शिकली होती.

त्या भागात इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना आणि दारापुढची जागा झाडायची पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लागते. केदारने जिना झाडला आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला कोपरा राहिल्याचं दाखवलं. त्या गुडघा धरून उतरत होत्या. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याने त्यांना कठड्याला धरून पाय कुठला आधी टाकायचा ते दाखवलं. ही हकिकत सांगताना तो बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा भरभरून बोलला. पुढे फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात, त्याने वर्ग लावला आणि पदवीच्या मान्यतेचा अर्जही केला. फेरविचाराच्या दिवशी त्याने बी-२ परीक्षेपर्यंत थांबायचं ठरवलं. पुढचं पुढे.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं आहे, ते मात्र सही करण्याआधी समजून घ्या. अमेरिकेत एल-१ वर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या व्हिसावर, गेलात तर जोडीदाराला त्याच्या एल-२ व्हिसावर काम करता येतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, त्यावर मात्र सरसकट करता येत नाही. एच-१बीवाल्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलं असेल तरच परवाना मिळतो, आणि तो नियमही 2015 सालचा. सिंगापूरमध्ये 1 मे 2021 पासून डिपेंडंट पासवर, म्हणजे सोबत आलेल्या कुटुंबीयांच्या परवान्यावर, असलेल्याला नोकरीसाठी बहुतेक वेळा स्वतंत्र वर्क पास लागतो. माझ्याकडच्या एका जोडप्याला हे तिथे उतरल्यावर कळलं. जपानमध्ये सोबत गेलेल्या जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंतच काम करता येतं. नियम बदलत राहतात, म्हणून जुन्या ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबू नका. आणि कंपनीकडे घरभाडं आणि सामानाच्या खर्चाबरोबर जोडीदारासाठी भाषेच्या वर्गाची फी, पदवी पडताळणीचा खर्च हेही मागा. पत्रावर सही होण्याआधी कंपनी ऐकते, नंतर फारशी ऐकत नाही.

काही जोडप्यांनी सगळं बोलल्यावर एकत्र न जायचं ठरवलं. तोही चांगला निर्णय असू शकतो. वर्षभराची बदली, दहावीतला मुलगा, आजारी आईवडील, अशी कारणं असतील तर मी स्वतः तसं सुचवते.

आणि जे आधीच जाऊन बसलेत, तिकडून मला लिहितात की इतकं सगळं आता कसं बोलायचं, त्यांनी नवीन अटींपासून सुरुवात करू नये. बदली ज्याची झाली त्याने एका निवांत संध्याकाळी फोन बाजूला ठेवून विचारावं, "माझ्यासोबत यायला तू काय काय सोडलंस, मला सगळं सांग." मग तास लागो की दोन तास, मध्ये एकही उपाय सुचवू नये. पैसे, तारीख, परत जायचं की नाही, हे सगळं दुसऱ्या दिवशी.