स्वतंत्र कॅथलिक चर्चकडून पत्राने मिळणारी गुरुदीक्षा खरी मानावी का?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: परदेशातील एका छोट्या स्वतंत्र कॅथलिक चर्चने आपल्याला अर्ज भरून सभासद व्हा आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घरबसल्या पूर्ण करून धर्मगुरुपदाची दीक्षा घ्या, असे कळवले आहे. त्यांच्या बिशपांची परंपरा, म्हणजे एका बिशपाने डोक्यावर हात ठेवून पुढचा बिशप करण्याची साखळी, गोव्याच्या आल्वारिस नावाच्या बिशपांकडून आली असे ते सांगतात. ही दीक्षा खरी ठरते का, आणि जन्माने कॅथलिक असलेल्या माणसाने ती घ्यावी का, हे आपल्याला हवे आहे. परंपरेचा दावा अगदीच निराधार नाही, पण केवळ त्याच्या भरवशावर ही दीक्षा आपण घेऊ नये, असे माझे मत आहे. मी वसईचा कॅथलिक आहे, धर्मगुरू नाही. परंतु माझ्या धाकट्या भावाची गुरुदीक्षा झाली तेव्हापासून या विषयावर वाचत आलो आहे आणि आल्वारिस यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांचा जन्म १८३६ साली गोव्यातील वेर्णा येथे झाला. ते रोमन कॅथलिक धर्मगुरू होते. पणजीत त्यांनी गोरगरिबांसाठी काम केले, वृत्तपत्रे चालवली, पटकीच्या उपचारांवर पुस्तिका लिहिली. १८८६ साली पोर्तुगाल आणि पोप यांच्यात करार झाला आणि पाद्रोआदो, म्हणजे पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगीज राजाचा जो आश्रयाधिकार होता, तो पुष्कळ आखडला. सिलोनमध्ये आणि दक्षिण भारतात जिथे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचे पाद्री मिस्सा करत आले होते, तिथल्या लोकांवर एकाएकी थेट रोमने नेमलेल्या बिशपांच्या सत्तेखाली जाण्याची वेळ आली. आम्हा वसईकरांना हा वाद परका नाही, कारण त्याच करारानंतर दमणचा धर्मप्रांत निघाला व वसई त्यात गेली, आणि मुंबईत तर दोन धर्माधिकाऱ्यांची सत्ता शेजारीशेजारी १९२८ पर्यंत चालू राहिली. सिलोनमधील काही कॅथलिकांनी मात्र हा बदल मान्य केला नाही. आपले गोवेकर धर्मगुरू राहावेत म्हणून त्यांनी धडपड केली, आल्वारिस त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि जुलै १८८९ मध्ये केरळातील कोट्टायम येथे मलंकारा सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या, म्हणजे रोमला न मानणाऱ्या केरळच्या जुन्या ख्रिस्ती चर्चच्या, बिशपांनी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना मार ज्युलियस या नावाने बिशप केले (‘मार’ ही त्या चर्चमधील बिशपांची पदवी). हात ठेवणाऱ्यांमध्ये परुमलाचे मार ग्रेगोरियोस होते, ज्यांना केरळात आज संत म्हणून पूजतात. उपासना लॅटिन पद्धतीचीच ठेवण्याची मुभा या नव्या मंडळीला मिळाली.

आपल्याला आलेल्या पत्रातील वंशावळ बहुधा यानंतरच्या घटनेला जोडलेली असेल. जोसेफ रने व्हिलात हे पॅरिसमध्ये जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील बेल्जियन वसाहतींत काम करत होते. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांना १८८५ साली स्वित्झर्लंडमध्ये ओल्ड कॅथलिक, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या कॅथलिकांच्या, बिशपांकडून मिळाली होती, पण त्यांना बिशप करायला पश्चिमेत कोणी तयार होईना. शेवटी ते सिलोनला आले आणि २९ मे १८९२ रोजी कोलंबो येथे आल्वारिस यांनी मलंकाराच्या बिशपांना सोबत घेऊन त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. पुढे व्हिलात यांनी अनेकांवर हात ठेवले, त्या अनेकांनी आणखी अनेकांवर, आणि आज जगभर विखुरलेली कितीतरी छोटी चर्चे आपली साखळी कोलंबोच्या त्या दिवसापर्यंत मोजतात. अशा चर्चांतून पुष्कळ ठिकाणी बिशप जास्त आणि बाकांवर बसणारे कमी, अशी स्थिती आहे.

सगळ्याच फांद्या अशा वाळल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. व्हिलात यांनी १९२१ साली शिकागो येथे जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर यांना बिशप केले. एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अमेरिकेतील अँग्लिकन चर्चमध्ये, कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीला कंटाळलेले लोक मॅग्वायर यांच्यामागे उभे होते, आणि त्यांचे आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीपर्यंत आणि तिथून युगांडापर्यंत पोहोचले. वंशावळ तीच होती, पण इथे माणसे आधी जमली होती आणि त्यांनी आपल्यासाठी बिशप मागितला होता. आल्वारिस यांच्या बाबतीतही तेच घडले होते. आपल्याला आलेल्या पत्रात मला ही गोष्ट कुठे दिसत नाही.

आता दीक्षा ‘खरी’ की नाही याविषयी. बिशप खरा असेल, विधी योग्य असेल आणि चर्च जे करू इच्छिते तेच करण्याचा हेतू असेल, तर चर्चच्या बाहेर झालेली दीक्षाही घडते, मात्र ती नियमबाह्य ठरते, असे कॅथलिक शिकवण मानते. त्यामुळे कोणत्याही एका माणसाच्या बाबतीत साखळीतील प्रत्येक दुवा तपासल्याशिवाय ‘घडली’ असे म्हणता येत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरा याहून कडक आहे. चर्चच्या ऐक्याबाहेर नुसती हातांची साखळी तिच्या लेखी पुरेशी नसते, आणि मलंकाराचे बिशप ज्यांच्या परंपरेतले, त्या अँटिओकच्या सिरियन पॅट्रिआर्कच्या, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुखाच्या, कार्यालयानेच १९३८ साली परिपत्रक काढून व्हिलात यांच्यामार्फत आलेल्या दीक्षा आपण मानत नसल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या घराचे नाव ते पत्र सांगते, त्या घरानेच हे नाते नाकारले आहे. व्हिलात स्वतः १९२५ मध्ये रोमन चर्चमध्ये परतले आणि १९२९ साली व्हर्सायच्या मठात वारले.

माझ्या भावाच्या दीक्षेच्या दिवशी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्याचे नाव पुकारले गेले, तो उभा राहिला, आणि बिशपांनी सर्वांसमक्ष विचारले की हा योग्य आहे याची चौकशी झाली आहे का. लोकांना विचारून खात्री केली आहे, असे उत्तर सेमिनरीच्या फादरांनी दिले. मग तो वेदीसमोर पालथा पडला आणि संतांची नामावली गात असताना आमची आई पदर तोंडाशी धरून बसली होती. बिशपांनी एकही शब्द न बोलता दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले, त्यांच्यामागून जमलेल्या प्रत्येक धर्मगुरूने तसेच केले, आणि ती रांग संपेपर्यंत चर्चमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही. काही आठवड्यांनी फादरांनी मला कार्यालयातील बाप्तिस्म्याची वही उघडून दाखवली. भावाचे नाव, आईवडिलांची नावे, धर्ममातापित्यांची नावे जुन्या फिकट शाईत होती, आणि शेजारच्या समासात नव्या शाईने त्याच्या गुरुदीक्षेची तारीख लिहिलेली होती. चर्चचा नियमच असा आहे की गुरुदीक्षेची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची. सभासदत्व हे पान आहे आणि दीक्षा त्या पानाचा समास आहे, असे मला त्या दिवसापासून वाटते. आपल्याला आलेल्या पत्रात समास आधी दिला आहे आणि पान फक्त एका अर्जापुरते आहे.

व्यवहाराच्या दोन बाजूही ध्यानात घ्याव्यात. कॅथलिक माणूस रोमशी असलेले ऐक्य सोडून दुसऱ्या चर्चमध्ये दीक्षा घेतो, तेव्हा १९८३ च्या धर्मकायद्यानुसार तो चर्चमधून बहिष्कृत होण्याच्या शिक्षेस पात्र होऊ शकतो. हे पाऊल टाकायचेच असेल तर ते जाणून टाकावे. दुसरी बाजू लग्नांची आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपांकडून दीक्षा मिळालेल्या व्यक्तीला आपल्या चर्चच्या रीतीप्रमाणे लग्न लावता येते, आणि इतर धर्मसेवकांना सरकारी परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आपल्या दीक्षेला न्यायालय कोणत्या गटात धरील याची खात्री नसताना कुणा मुलामुलीचा संसार त्यावर उभा करू नये. (गोव्यात विवाहाचा कायदा निराळा आहे.)

आल्वारिस यांच्या वारशाची आपल्याला खरोखर ओढ असेल, तर तो पाहायला परदेशात पत्र लिहिण्याची गरज नाही. पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडले, त्यांच्या अंगावरची बिशपची वस्त्रे उतरवली, तरी ते मागे फिरले नाहीत आणि २३ सप्टेंबर १९२३ रोजी रिबंदर येथे वारले. त्यांच्या अस्थी आज तिथल्याच सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. मी तिथे गेलो होतो तेव्हा एक आजी कबरीवरची सुकलेली फुले काढून नवी ठेवत होत्या. कर्नाटकात उडुपीजवळ ब्रह्मावर येथे त्यांचे सहकारी फादर नोरोन्हा यांनी सांभाळलेली कोकणी बोलणाऱ्यांची मंडळी अजून टिकून आहे, आणि मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचा तो आता स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

त्या पत्राला उत्तर देणारच असाल तर एवढेच विचारा की, भारतात आपले सभासद रविवारी कुठे जमतात, आणि मला दीक्षा मिळाली तर मी कोणाची सेवा करायची आहे. पत्ता मिळाला तर जरूर जा, वर्षभर त्यांच्या बाकावर बसा, त्यांच्यातल्या कोणाचे मयत असेल तर खांदा द्या. अर्ज त्यानंतरही भरता येईल.