पुस्तक तोंडपाठ, पण वाचता येत नाही

"मॅडम, पहिलीचं अख्खं पुस्तक तो मला वाचून दाखवायचा. आता दुसरीचं पुस्तक हातात आलं, तर एक ओळ वाचता येत नाही. असं कसं झालं हो?"

जूनच्या अखेरीस पुण्यातल्या धायरीहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलाला आपण सोहम म्हणू. वय सात, शाळा मराठी माध्यमाची.

मी पहिलीचं पुस्तक उघडलं. सोहमने बोट फिरवत पान घडाघडा म्हटलं. मग मी चित्रावर वही ठेवली आणि ओळीच्या मधल्याच एका शब्दाकडे बोट दाखवलं. तो गप्प झाला. नजर ओळीच्या सुरुवातीला गेली. ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून म्हणत आला आणि त्या शब्दापाशी पोचल्यावर तोच शब्द मोठ्याने म्हणाला. उत्तर बरोबर होतं. आईचा चेहरा मात्र उतरला. वर्षभर आपण वाचन समजत होतो ते पाठांतर होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

मी तिला म्हटलं, "ताई, एवढं पाठ ठेवणारं पोर मंद नसतं. त्याने त्याच्या परीने वाट काढली."

घरचं चित्र ओळखीचं होतं. आई पतसंस्थेत नोकरीला, घरी यायला साडेसात. जेवणं उरकून नऊला अभ्यास. पोर पेंगत असायचं. अडलं की, "अरे, कालच तर सांगितलं!" आणि वर शेजारच्या मुलाचं उदाहरण. आजी बाराखडी चालीवर म्हणून घ्यायची. बाराखडीशी माझं वाकडं नाही. पण चालीत म्हटलेल्या 'क का कि की' मधला 'कि' कागदावर कुठला, हे डोळ्यांना शिकवावंच लागतं. त्यातही पहिली वेलांटी पानावर अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. 'सिंहगड'शी सोहम अडायचा तो इथेच.

आम्ही दुसरीचं पुस्तक महिनाभर बाजूला ठेवलं. आईला हे सर्वांत जड गेलं. घेतली फक्त पाच अक्षरं, क, न, म, ब, र, आणि एक काना. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ती मोठी लिहून कापली. एवढ्यातून काका, मामा, बाबा, नाक, कान, मका, राम, कमान असे कितीतरी शब्द होतात, आणि ते कुठल्याही पुस्तकात पाठ केलेले नसतात. सोहमने स्वतः जुळवलेला पहिला शब्द 'मका'. मग दर चार-पाच दिवसांनी एखाद-दुसरं नवं अक्षर. वेळ संध्याकाळी दहा मिनिटं, जेवणाआधी. झोपताना आईने गोष्ट वाचायची, मध्ये एकही प्रश्न विचारायचा नाही. आजीकडे कानाचा खेळ दिला: भाजी निवडताना 'क-म-ळ' असं टाळ्या वाजवत शब्द फोडायचा, शेवटी काय ऐकू आलं ते सांगायचं.

आणि एक पथ्य. पोर अडलं की मनात पाच आकडे मोजायचे, मगच बोलायचं. आपण मोठी माणसं फार लवकर शब्द पुरवतो, आणि मूल पानाऐवजी आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. दोघं बसस्टॉपवर उभी होती. पीएमपीची बस आली, सोहमने पाटी वाचली, "घा-य-री." आईच्या ओठांवर दुरुस्ती आली होती, पण तिने आकडे मोजायला सुरुवात केली. तिनापर्यंत पोचली असेल नसेल, तो स्वतःच म्हणाला, "घायरी कुठे असतं? धायरी! आपली बस!" अक्षर चुकलं होतं, पण अर्थाने त्याला परत आणलं. हे वाचन.

अशा वेळी पालक हमखास विचारतात, "डिस्लेक्सिया तर नसेल?" डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन फार अडणं, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, सोहमचे आम्ही पहिल्याच आठवड्यात तपासून घेतले. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाआधी सहसा करत नाहीत. पण तोवर नुसतं थांबूनही राहू नका. काही महिने रोज नीट मदत करूनही अक्षरं टिकत नसतील, किंवा घरात कुणाला अशी अडचण असेल, तर तज्ज्ञांना दाखवाच. आणि जिवाला फार घोर लागला, तर एवढं ध्यानात ठेवा: केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचण्यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरला आहे.

सोहमला जोडाक्षरं अजून अडतात. स्वारगेटला तो 'सवारगेट' म्हणतो. ते दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं ठरलंय. दुसरीचं पुस्तक आता त्याच्या दप्तरात परत गेलंय.