वाचकांचे प्रश्न : साडी मिळाली, चालणे थांबले

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून सोलापुरात एका कार्यालयात नोकरी करते. रक्तातील साखर थोडी वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालण्यास सांगितले आहे. दिवाळीनंतर मी भुईकोट किल्ल्यालगतच्या बागेत सकाळी जाऊ लागले. महिनाभर खंड पडला नाही तर स्वतःसाठी इरकली साडी घ्यायची, असे ठरवले होते आणि ती घेतलीही. पुढे संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आली, घरी पाहुणे आले, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली आणि चालणे सुटले ते सुटलेच. बक्षिसाची युक्तीच चुकीची आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बक्षिसाने सवय लागण्यास मदत होते, मात्र आपण ते महिनाभराच्या अखंडपणाला जोडले होते. त्यामुळे साडी हाती येताच स्वतःशी केलेला करार पूर्ण झाला, आणि यात्रेत खंड पडल्यावर परत येण्यासाठी काहीच ठेवलेले नव्हते.

पैसे देऊन व्यायाम करून घेतला तर पैसे थांबताच व्यायामही थांबेल, अशी शंका अनेकांना वाटते. अमेरिकेतील चार्नेस आणि ग्नीझी या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना महिन्यात आठ वेळा व्यायामशाळेत जाण्यासाठी पैसे दिले होते. पैसे बंद झाल्यावरही त्यांची उपस्थिती वाढलेलीच राहिली, आणि ही वाढ आधी नियमित न जाणाऱ्यांमध्येच दिसली. याउलट १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिल्यावर त्यांची ती आवड कमी झाली. म्हणजे ज्याला चालणे आधीच आवडते त्याने बक्षिसाच्या भानगडीत पडू नये. आपल्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मात्र ते उपयोगी पडते.

आपल्या अडचणीशी सर्वांत जवळचा अभ्यास २०२१ चा आहे. अमेरिकेतील एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सदस्यांवर चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना अजमावण्यात आल्या. त्यांत सर्वाधिक यशस्वी ठरलेल्या योजनेत, चुकलेल्या व्यायामानंतर परत येणाऱ्याला थोडे जादा गुण मिळत होते. योजना संपल्यानंतर मात्र बहुतेकींचा परिणाम ओसरला, हेही सांगितले पाहिजे. लंडनमधील आणखी एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास मध्यक ६६ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), परंतु व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे महिनाभराची मुदत बहुतेकांना अपुरीच पडते.

तेव्हा अखंडपणाची अट काढून टाकावी. चालून आल्यावर त्याच दिवशी डब्यात वीस रुपये टाकावेत आणि खंडानंतर परतलेल्या पहिल्या सकाळी पन्नास. जादा रकमेसाठी मुद्दाम दांडी मारण्याचा मोह होऊ शकतो (माणूस स्वतःलाही फसवतो), म्हणून ती महिन्यातून दोनदाच मिळेल, असे आधीच ठरवावे. साठलेल्या पैशांतून साडी अवश्य घ्यावी. परंतु ती घेतली त्याच दिवशी रिकाम्या डब्यात पुन्हा वीस रुपये पडले पाहिजेत. साखर वाढलेली असताना जिलबी किंवा भजी हे बक्षीस ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी चालून झाल्यावर गाड्यावर थांबणारी मंडळी पाहता ते लिहिणे भाग आहे. त्याऐवजी आवडते नाट्यसंगीत किंवा कथावाचन फक्त चालतानाच ऐकायचे, असे ठरवून पाहावे. त्यात आनंद चालण्याच्या अर्ध्या तासातच मिळतो, म्हणून मला ही युक्ती पैशांपेक्षा अधिक टिकाऊ वाटते.

काही महिन्यांनी न ठरवताही पाय बागेकडे वळू लागले, की डब्यातील रक्कम हळूहळू कमी करावी. मैत्रीण सोबत येत असेल, तर ते त्याआधीही करता येईल.

आता पुढचा खंड कुठे पडेल, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वीच, साडेपाचच्या सुमारास, बाहेर पडावे. ते जमले नाही, तर सूर्यास्तानंतर गच्चीवर किंवा घरातच पंख्याखाली अर्धा तास चालावे आणि त्या दिवसाचेही वीस रुपये डब्यात टाकावेत. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर उपाशीपोटी चालावे की नाही, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.