जपानी वुडब्लॉक प्रिंट्समध्ये (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांमध्ये) सारखा पाऊस, बर्फ, लाटा, फुलंच का असतात? त्यांना काही खास अर्थ असतो का?

असतो थोडाफार, पण अर्थाच्या फार मागे लागू नका असं मी म्हणेन. साकुरा म्हणजे वसंत, लाल मेपल म्हणजे शरद, हे तिथल्या कवितेतनं शेकडो वर्षं चालत आलेलं, गिऱ्हाइकाला न सांगता कळायचं.

आणि सारखा निसर्गच असतो असंही नाही हां. एडोत, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, आधी धंदा चालायचा तो काबुकी नाटकांतले नट आणि गणिकांच्या चित्रांवर. निसर्गचित्रं जोरात आली 1830 च्या आसपास, कारण प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग परवडायला लागला, लोक तीर्थयात्रेच्या नावाखाली भटकायला लागले (चित्रकार होकुसाईची ती टीशर्टवरची लाट याच काळातली), त्यात 1842 मध्ये सरकारने नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदीच घातली, मग प्रकाशक बिचारे दुसरं काय छापणार!

मला विचाराल तर खरी मजा कारागिरीत आहे. चित्रकार हिरोशिगेचं 1857 चं, एडोतल्या ओहाशी पुलावरच्या सरीचं चित्र झूम करून बघा. पुलावर माणसं छत्र्यांखाली वाकून पळतायत, पलीकडचा काठ नुसता करडा, आणि सगळ्यावर केसासारख्या बारीक रेघांचा पाऊस, तोही एका दिशेचा नाही, रेघा एकमेकींना छेदतात. आता यात ठशाच्या लाकडाचा जो भाग उंच राहतो तोच कागदावर उमटतो, म्हणजे पावसाची एकेक रेघ शाबूत ठेवून तिच्या आजूबाजूचं चेरीचं लाकूड कोरून काढायचं, एक तुटली की संपलं. आणि हे हिरोशिगेने केलेलं नाही बरं का, त्याने चित्र काढून दिलं, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा.

वरचा काळा ढग तर ठशात कोरलेलाच नाही, छापणारा दर वेळी ओल्या लाकडावर शाई हाताने फिकी करत आणायचा, त्यामुळे प्रत्येक प्रतीत आभाळ थोडं वेगळं. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हेच चित्र ऑइलमध्ये उतरवलं, भारी आहे, पण पाऊस बघावा तर हिरोशिगेचाच. हिरोशिगेचं हे चित्र ज्या मालिकेतलं आहे ती अख्खी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमकडे आहे, तिथली प्रत आणि दुसऱ्या कुठल्या म्युझियमची प्रत शेजारी शेजारी उघडा आणि फक्त ढग बघा.