साचा तुम्हीच बनवून दिला असेल, तर किमतीचं गणित नंतर करा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. तुम्ही छोटे पंप बाहेरून मागवता, त्यावरचं आयात शुल्क १० वरून २० टक्के झालंय. विक्रीची किंमत किती वाढवावी आणि पंप सुट्या भागांत आणले तर शुल्क वाचेल का, एवढंच तुम्ही विचारलंय. पण शेवटी जाता जाता लिहिलंय, 'कव्हरचा साचा आम्ही दुसरीकडून बनवून पुरवठादाराला फुकट दिला, म्हणून दर छान पडला.' मी त्या ओळीवर अडकलो. एके काळी हेच वाक्य मी कौतुकाने सांगत फिरायचो.

आधी तुमचे प्रश्न उरकतो. शुल्क १० टक्क्यांनी चढलं म्हणजे किंमत १० टक्क्यांनी चढवायची, असं नसतं. समजा माल १०० चा, भाडं-विमा १२. बहुतेक देश शुल्क या ११२ वर लावतात (अमेरिका भाडं-विमा धरत नाही). म्हणजे आधी ११.२० भरत होता, आता २२.४० भराल. तुम्ही २०० ला विकत असाल तर फक्त वाढीव शुल्क वसूल करायला ५.६ टक्के वाढ पुरते. शुल्कासकट पडलेल्या खर्चावर नफा टक्क्यांत लावायची सवय असेल तर नकळत ९ टक्क्यांच्या वर जाल आणि मग गिऱ्हाईक का तुटलं याचा विचार करत बसाल. शिवाय हे पैसे माल सुटताना भरायचे, वसूल मात्र माल विकल्यावर. खेळतं भांडवल तिथे अडकतं, त्याचं व्याज कुणी धरत नाही. मीही धरत नव्हतो.

देशात पंप बनवणारे जुन्याच दराला विकतील आणि आपण मरू, ही भीती थोडी जास्तीची वाटते. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावलं. नंतरच्या अभ्यासात किमती साधारण १२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि त्यात देशात बनलेली मशीनही आली. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर तर हे शुल्क नव्हतंच, पण ते जोडीने विकले जातात म्हणून तेही जवळपास तेवढेच महागले. आयात महागल्याची आड मिळाली की देशातले लोकही दर चढवतात. पंपांच्या बाजारात असंच होईल, अशी हमी मात्र मी देणार नाही.

सुट्या भागांची युक्ती सोडा. कोणत्या मालाला कोणता शुल्कदर हे ज्यावरून ठरतं, त्या वर्गीकरणाच्या दुसऱ्या सर्वसाधारण नियमात सरळ लिहिलंय की पूर्ण वस्तू उकलून आणली तरी ती पूर्ण वस्तूच. एका कंटेनरमध्ये मोटर, दुसऱ्या खोक्यात कव्हर आणि सोबत नेमके तेवढेच स्क्रू, हे बघून कुणीही हसेल.

आता साचा. शुल्क मालाच्या कोणत्या मूल्यावर लावायचं ते ठरवणाऱ्या, जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराचं ८ वं कलम सांगतं की खरेदीदाराने फुकट किंवा कमी दरात पुरवलेले साचे, डाय, हत्यारं यांची किंमत मालाच्या मूल्यात मिळवायची. आपल्याला नगाचा दर कमी पडतो तो साच्याचा खर्च आपण उचलला म्हणूनच ना? मग इनव्हॉइसवरचा आकडा ही मालाची पूर्ण किंमत नाहीच. गंमत म्हणजे डिझाइनचं काम आयात करणाऱ्या देशातच झालं असेल तर ते धरत नाहीत. साच्याला ही सूट नाही.

मला शंका आली नव्हती असं नाही. एका सल्लाकेंद्रात जाऊन विचारलं. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, 'साचा वेगळा, माल वेगळा.' म्हटलं, लिहून द्या. 'असं लिहून देत नाही.' मी समाधानाने घरी आलो! लिहून देत नाही म्हणतोय याचा अर्थ काय, एवढंही मला कळू नये?

दोन वर्षांनी हिशेब तपासणी झाली. साच्याच्या कारखान्याला केलेला भरणा बँकेच्या नोंदीत दिसला. फरकाचं शुल्क, व्याज, वर दंड. माल केव्हाच विकून झालेला, गिऱ्हाइकाकडे दोन वर्षं जुना फरक मागणार कसा? सगळं माझ्या खिशातून गेलं. मी त्या खिडकीचं नाव काढलं तेव्हा पुढचे साहेब म्हणाले, 'कागद आहे?'

जास्त चटका पुढच्या गोष्टीचा लागला. आधी स्वतःहून जाहीर केलं असतं तर, त्याच कराराच्या टिपांनुसार, साच्याची किंमत अपेक्षित असलेल्या सगळ्या उत्पादनावर वाटून घेता आली असती. दर नगाला अगदी किरकोळ रक्कम. मी लपवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं एवढंच. पण तपासणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मी वकील नाही, कस्टम एजंटही नाही. व्याज-दंडाचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा जाणकाराला पैसे देऊन विचारा. एजंट निवडताना मात्र 'माल किती दिवसांत सोडवाल' हा पहिला प्रश्न ठेवू नका, मी तोच ठेवला होता. कस्टमकडून आगाऊ लेखी निर्णय मिळतो का तेही बघा. २०१७ पासून लागू असलेल्या व्यापार सुलभीकरण करारात वर्गीकरण आणि मूळ देश याबद्दल असा निर्णय देणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. मूल्यांकनाबद्दल फक्त उत्तेजन दिलंय, म्हणजे मिळेलच असं नाही. तरी अर्ज करा, निदान अर्जाची पोच तरी हातात राहील.

साचा दिल्यापासून किती खेपा आल्या आणि त्या साच्यातून एकूण किती नग काढायचे ठरलंय, एवढं इथे सांगा. करार किंवा इनव्हॉइसचे फोटो टाकू नका.