ओव्हरटाइमवर भांडू नका, रेटवर भांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत छोटी होम केअर एजन्सी, बहुतेक क्लायंट पासपोर्ट वेव्हरवरचे (वयस्कांना नर्सिंग होमऐवजी घरीच सेवा देणारी ओहायोची मेडिकेड योजना; मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा). असोसिएशनने राज्याच्या लोकप्रतिनिधींना भेटायला राजधानी कोलंबसला बोलावलंय. तिथे ओव्हरटाइमचा फेडरल नियम रद्द व्हावा म्हणून बोलायचं, की ‘८०-२०’च्या, म्हणजे मेडिकेडच्या पैशातले ८० टक्के सेवा देणाऱ्यांवरच खर्च करा या फेडरल नियमाच्या, विरोधात?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. हे दोन्ही विषय वॉशिंग्टनचे आहेत. राज्याच्या लोकप्रतिनिधीसमोर ते मांडलेत तर तो मान डोलावेल, फोटो काढेल आणि ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणेल. ते खरंही असेल. त्याच्या हातात जे आहे ते म्हणजे तुमचा तासाचा मेडिकेड रेट. तो राज्य ठरवतं.

ओव्हरटाइमचं आधी सांगते, कारण आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त वाफ तिथेच जाते. १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या फेडरल कायद्यात आणलं, पण ‘कम्पॅनियनशिप’ म्हणजे वृद्ध-आजारी माणसाला सोबत आणि देखभाल देणाऱ्या सेवा वगळल्या. एजन्सीच्या नोकरीतल्या एडलाही (घरी जाऊन सेवा देणाऱ्या मदतनीसालाही) ती सूट लागू होते, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये कोक खटल्यात मान्य केलं. मग लेबर डिपार्टमेंटने २०१३ मध्ये नियम बदलून एजन्सींची सूट काढली. त्यावर खटला झाला, ऑगस्ट २०१५ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये तोच नियम मागे घेण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की हा लंबक हलतो. त्यावर धंद्याचं गणित बांधू नये. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, तिथे फेडरल नियम गेला तरी ओव्हरटाइम जात नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुमची एड सकाळी एका क्लायंटकडे, दुपारी दुसऱ्या एजन्सीच्या क्लायंटकडे जाते. तिला कळलं की तिचा ओव्हरटाइम काढावा म्हणून तुम्ही राजधानीला गेला होतात, तर पुढच्या आठवड्यात तुमची शिफ्ट कोण करणार?

आता ८०-२०. एप्रिल २०२४ च्या फेडरल नियमानुसार होममेकर, होम हेल्थ एड आणि पर्सनल केअर या सेवांच्या मेडिकेड पैशांपैकी किमान ८० टक्के थेट सेवा देणाऱ्यांच्या मोबदल्यावर गेले पाहिजेत. राज्यांना तयारीला सहा वर्षं दिली आहेत. भीती ऐकून घाबरण्याआधी हिशोब करा. समजा रेट तासाला २६ डॉलर आहे. त्याचे ८० टक्के म्हणजे २०.८०. तुम्ही १७ डॉलर देता, त्यावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा मालकाचा हिस्सा ७.६५ टक्के, म्हणजे १.३०. झाले १८.३०. उरलेल्यात पगारी रजा आणि इन्शुरन्स धरले जातात, आणि एडचं प्रशिक्षण, प्रवासखर्च, हातमोजे-मास्क हे तर हिशोबातून आधीच वजा होतात. छोट्या एजन्सीला वेगळी मर्यादा आणि अडचणीतल्यांना सवलत देण्याची मुभाही राज्याला आहे. खरी अडचण उरलेल्या ५.२० मध्ये आहे: त्यात शेड्यूलिंग, बिलिंग, लायबिलिटी इन्शुरन्स, ऑफिसभाडं. तीच टक्केवारी ३० डॉलरच्या रेटवर सहज पेलते. म्हणजे फिरून रेटच.

त्याच नियमाचा एक भाग मात्र आपल्या उपयोगाचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. राज्यांनी आपले मेडिकेड रेट वेबसाइटवर उघड करायचे, या सेवांचा तासाचा सरासरी रेट जाहीर करायचा, आणि एड, क्लायंट वगैरे संबंधितांचा सल्लागार गट नेमून रेट पुरेसा आहे का यावर मत घ्यायचं. त्या गटात कोण बसलंय हे शोधा. तिथे दिलेलं एक पानी निवेदन कोलंबसमधल्या दहा हस्तांदोलनांपेक्षा जास्त काम करतं.

मग लोकप्रतिनिधीला काय सांगायचं? ‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य प्रत्येक धंदेवाला म्हणतो, त्याने काही हलत नाही. तुम्ही न्यायचा आकडा एकच: मंजूर तास किती आणि प्रत्यक्ष दिलेले किती. केअर प्लॅनमध्ये आठवड्याला २० तास लिहिलेत आणि माणूस न मिळाल्याने १३ दिले, तर ते ७ तास राज्याने कबूल केलेले आहेत आणि कुणालाच मिळालेले नाहीत. ही तफावत त्याच्या मतदारसंघाच्या झिप कोडनुसार काढा. लोकप्रतिनिधी त्या क्षणी कागदाकडे बघतो. हे मी बऱ्याच भेटींत पाहिलंय.

हा आकडा तुमच्याकडे आधीच आहे. ज्या ईव्हीव्हीला (एडच्या भेटींची इलेक्ट्रॉनिक नोंद) आपण सगळे शिव्या घालतो (मीही घालते, ॲप बंद पडलं की जास्तच), त्यात कोणती सेवा, कुणाला, कुणी, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे सगळं नोंदलेलं असतं. फक्त मंजूर तासांशी जुळवायचं. जीपीएसचा हट्ट फेडरल कायद्यात नाही, तो राज्याचा किंवा सॉफ्टवेअरवाल्याचा असतो. एडना त्रास तिथे होत असेल तर ही तक्रार मात्र कोलंबसलाच करायची.

पुढचा प्रश्न तो विचारेलच: पैसे कुठून आणू? वेव्हरच्या प्रत्येक डॉलरमागे ओहायोला साठ सेंटहून जास्त फेडरलकडून मिळतात, हे त्याला आठवण करून द्या. आणि धोकाही सांगा. मेडिकेडमध्ये नर्सिंग होम देणं राज्याला बंधनकारक आहे, पण घरच्या वेव्हर सेवा ऐच्छिक. अपंग माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ओल्मस्टेड निकालाने १९९९ मध्येच सांगितलं, तरी पैशाची रचना तीच राहिली. तिजोरी आटली की कात्री आधी ऐच्छिक गोष्टींना लागते. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने मेडिकेडचे पैसे कमी होणार आहेत, त्यामुळे हा मुद्दा आत्ताच पटवून ठेवायला हवा.

वेळेचंही भान ठेवा. ओहायोचं बजेट दोन वर्षांचं, विषम वर्षात ३० जूनपर्यंत मंजूर होतं. पण विभागांच्या मागण्या आदल्या शरद ऋतूतच तयार होतात. जूनमध्ये गेलात तर वरात गेल्यावर घोडं आणल्यासारखं होईल.

शक्य असेल तर एका एडला सोबत न्या, तिच्या त्या तासांचे पैसे देऊन आणि तिची मनापासून इच्छा असेल तरच. क्लायंटची गोष्ट सांगणार असाल तर लेखी परवानगी घ्या. फक्त नाव बदललं की भागतं असं नाही. छोट्या गावात आजार आणि गल्ली सांगितली तरी माणूस ओळखू येतो आणि हिपाचा, म्हणजे रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याचा, प्रश्न उभा राहतो. लॉबिंगवरचा खर्च टॅक्समध्ये वजा होत नाही, असोसिएशनच्या वर्गणीतला तेवढा भागही नाही, हे अकाउंटंटला आठवणीने सांगा.

आकडे जुळवताना रद्द झालेल्या व्हिजिट्स कशा धराव्यात यावर गोंधळ होतो. क्लायंट हॉस्पिटलमध्ये होता ते तास वगळा, नाहीतर विभागाचा माणूस पहिल्याच मिनिटाला तिथे बोट ठेवेल.