चरबी वितळवायची की कढवायची?

एकांनी विचारलंय, घरी बकऱ्याची चरबी आणि शेंगतेल एकत्र करून बिस्किटासाठी घट्ट फॅट करायचं आहे, रेसिपीत ‘रेंडर’ आणि ‘शॉर्टनिंग’ असे दोन शब्द आलेत, त्याला मराठीत काय म्हणायचं.

पहिला शब्द तुमच्या घरातच आहे की ओ, कढवणे. लोक सर्रास ‘चरबी वितळवा’ लिहितात, पण वितळवणं म्हणजे नुसतं पातळ करणं, मेण वितळतं, बर्फ वितळतो. कढवण्यात पाणी उडवणं आलं. लोणी कढवताना कसं चुरचुर वाजत राहतं, आवाज बसला की पाणी गेलं समजायचं आणि तळाला बेरी राहते, चरबीचं अगदी तसंच, बारीक तुकडे करून मंद गॅसवर ठेवायची, आवाज थांबला की गाळायची. पाणी राहिलं तर लवकर वास मारते. खाली राहिलेल्या कुरकुरीत तुकड्यांना आमची आजी बेरीच म्हणायची, मीठ भुरभुरून हातावर ठेवायची, भांडणं व्हायची त्यावरनं.

मग गार झाल्यावर ती ‘गोठत’ नाही, थिजते. पाणी गोठतं, रक्त साकळतं, तूप थिजतं. रात्रीच्या मटणाच्या रश्श्यावर सकाळी जो थर दिसतो तो थिजलेलाच. नुसती बकऱ्याची चरबी थिजली की मेणासारखी कडक होते, टाळूला चिकटते, म्हणून तेल घालायचं, जितकं तेल जास्त तितकं मऊ. (घरी केलं की मिसळ, दुकानदारानं केलं की भेसळ, मराठी लय हुशार आहे.)

शॉर्टनिंगला मोहन जवळचा आहे. शंकरपाळीच्या पिठात कडकडीत घालतो तेच, पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. फॅट पिठाच्या कणांना माखतं, मग पिठाला चिवटपणा येत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो, इंग्रजीत त्या खुसखुशीतालाच शॉर्ट म्हणतात. पण मोहन हे कामाचं नाव, तेल तूप काहीही चालतं, डब्यातल्या जिनसेला आपण सरळ डालडा म्हणतो, 1937 साली आलेला ब्रँड, वनस्पती तूप कोण म्हणतंय.

पाकिटावर छापतात ते ‘वसा’ मात्र नको, ते हिंदीतनं आलंय. संस्कृतात वसा म्हणजे चरबीच, पण आपल्याला ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ आठवतं. चरबी मूळ फारसीतली असली तरी आता आपलीच.

तर लिहायचं असं: चरबी कढवून गाळा, कोमट असताना तेल घालून फेसा, थिजू द्या. आणि डब्यावर नाव टाका, आमच्या मामांनी गुरुवारी तूप समजून गरम भातावर दोन चमचे घेतलं होतं.